बाद फोटो

बाजारपेठेत त्यांचा छोटासा फोटो स्टुडिओ होता. येईल त्याला "हनुवटी जरा खाली... थांबा, थांबा" म्हणायची सवय, म्हणून लोकांनी त्यांचं नाव थांबराव पाडलं. पण त्यांचा जीव पासपोर्ट फोटोंत नव्हता. तो अडकला होता गावाबाहेरच्या तलावात आणि पलीकडच्या टेकडीमागून वर येणाऱ्या उन्हात.

हे ऊन मोठं नखरेल. आकाश नीट यावं म्हणून कॅमेरा लावला, की टेकडी काळीठिक्कर. टेकडी सांभाळायला जावं, तर आकाश पांढरंफटक. दोन्ही जुळवून घेईल असा उजेड क्षणभर यायचा आणि डोळ्यांदेखत निसटायचा. सुट्टीच्या दिवशी ते पहाटेच निघत. बरोबर बायको, तिच्या खांद्याला चहाच्या थर्मासची पिशवी. "लोकांच्या बायका दागिने मागतात, मला मेलीला यांच्या फोटोसाठी देवाकडे ढग मागावे लागतात," असं ती शेजारणींना हसत सांगायची.

एकदा तिथे ती म्हणाली, "अहो, माझाही एक काढा ना."

"आत्ता? उजेड जाईल गं. मागाहून काढू."

मागाहून दरवेळी दुकान उघडायची घाई असायची. पुढे तिने विचारणंच सोडलं.

मग एका दुपारी ती स्वयंपाकघरात कोसळली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मुलगी सासरहून आली. परत निघायच्या आदल्या दिवशी म्हणाली, "बाबा, आईचा एक चांगला फोटो द्या ना. अलीकडचा. घरी लावीन म्हणते."

"देतो की," म्हणत त्यांनी कपाट उघडलं.

खोक्यांमागून खोकी निघाली. तलाव, धुकं, टेकडी, पुन्हा तलाव. लग्नातला फोटो होता, पण त्यातली लाजरी पोर मुलीच्या ओळखीची नव्हती. एक ओळखपत्रासाठी काढलेला, डोळे अर्धे मिटलेले.

"अख्ख्या गावाचे फोटो काढलेत तुम्ही, बाबा," मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. तेच त्यांना जास्त लागलं.

शेवटच्या खोक्यात बाद केलेले फोटो होते. त्यातला एक त्यांनी उजेडाकडे धरला. टेकडीवरचं गवतन् गवत दिसत होतं, आकाशही शाबूत होतं. फक्त खालच्या कोपऱ्यात एक पाठमोरी आकृती आली होती. अंबाडा, खांद्याची पिशवी, उन्हाला आडवा धरलेला हात.

"या दिवशी उजेड साधला होता," ते म्हणाले. "ही मध्ये आली म्हणून मीच बाद केला. वर तिला बोललो."

"काय बोललात?"

"अक्कल नाही का, म्हणालो."

मुलगी जवळ आली. मग त्यांच्या हातातून तो फोटो हळूच काढून घेत म्हणाली, "हाच नेते मी."

पुढच्या सुट्टीला ते एकटेच तलावावर गेले. त्या सकाळी ऊन असं काही आलं, की फिरायला आलेली माणसंही थबकली. थांबराव कॅमेऱ्याशी नुसतेच उभे.

ओळखीच्या एका शिक्षकांनी विचारलं, "काय हो, काढत नाही?"

"काढून दाखवू कुणाला?" ते म्हणाले आणि कॅमेरा पिशवीत भरू लागले. पिशवीची चेन काही केल्या लागेना. शेवटी शिक्षकांनीच ती लावून दिली.