हिरवं कार्ड

वाड्यावस्त्यांच्या पाण्यासाठी झगडणारी आमची ताई मंगळवारी वारली. आज सावेडीतल्या घरी नळाच्या पाण्याला जंतू मारायच्या टीसीएल पावडरचा वास आला आणि मिरजगावजवळच्या वाडीतली एक दुपार आठवली. विहिरीत टँकरचं पाणी ओतलेलं, घरोघरी जुलाब, पावडरचं पोतं न उसवलेलं. तरी आरोग्य खात्याचे साहेब पाणी शुद्ध असल्याचं हिरवं कार्ड द्यायला आले होते. ताईने विहिरीचं पाणी तांब्यातून पुढे केलं.

"आधी प्या, साहेब."

"मला बीपी आहे, बाई."

"बीपीला पानी चालतंय की," मागून एक म्हातारी म्हणाली. सगळे हसले.

मीच ताईला म्हणालो, "जरा सबुरीने घे." त्या शब्दांची आज चीड येते. साहेब कार्ड देऊन गेले. त्याच आठवड्यात म्हातारीची नात जुलाबाने दगावली. उपकेंद्रात सलाईन लावायला नर्स नव्हती. ताई शेवटपर्यंत त्यासाठी अर्ज करत राहिली.

नर्सची जागा अजून रिकामी आहे.