सव्वाचार मीटरची सळी

मालवणात सिव्हिलचा डिप्लोमा करून मी कणकवलीच्या एका कंत्राटदाराकडे नोकरीला लागले. नकाशे बघायचे आणि जांभ्याचा चिरा किती, खडी किती, सळी किती लागेल ते काढून द्यायचं, हे माझं काम. आधी ते कागदावर चालायचं. निळसर प्रिंट टेबलावर पसरायची, कोपऱ्यांवर पेपरवेट ठेवायचे आणि तिकोनी स्केलपट्टीने एकेक रेघ मोजायची. मग नकाशे ईमेलने पीडीएफ होऊन यायला लागले आणि शेठनी कुठून तरी एक सॉफ्टवेअर आणून माझ्या कॉम्प्युटरवर घातलं. पीडीएफ उघडायची, माउसने रेघेच्या एका टोकाला टिचकी, दुसऱ्या टोकाला टिचकी, की लांबी समोर. मोजून झालेल्या भागाला रंग देता यायचा. दोन दिवसांचं काम दुपारच्या जेवणाआधी व्हायला लागलं. शेठ आल्या-गेल्याला माझा पडदा दाखवायचे.

त्या सॉफ्टवेअरला फक्त एकदा प्रमाण सांगावं लागतं. नकाशावर जिथे अडीच मीटर लिहिलेलं असेल ती रेघ दाखवायची आणि ‘हे अडीच मीटर’ असं सांगायचं. पुढचं सगळं ते त्याच हिशेबाने मोजतं. आपण चुकीचं सांगितलं तर चुकीचं मोजतं, तेही बिनदिक्कत.

त्या वर्षी आमच्याकडे मासे विकणाऱ्या बायकांसाठी शेड बांधायचं काम आलं. जागा विजयदुर्गाच्या अलीकडे, माझ्याच गावात, बंदरावर. माझी आई तिथेच टोपली घेऊन बसायची. शेडचा स्लॅब पुढच्या बाजूला खांबांशिवाय आठ फूट बाहेर काढलेला होता, म्हणजे टेम्पो आत घेता यावा आणि बायकांना सावली मिळावी. असा अधांतरी स्लॅब धरून ठेवतात त्या वरच्या सळ्या. त्या बाहेर जेवढ्या, त्याहून जास्त आत जायला हव्यात.

नकाशांचा सगळा संच मी एकदा प्रमाण लावून मोजला होता. मग सळ्यांचं एक पान बदलून आलं. मी जुनं पान काढून तिथे नवं घातलं आणि वरच्या सळीवर दोन टिचक्या मारल्या. सव्वाचार मीटर. यादी करून साइटवर पाठवली.

दोन दिवसांनी फिटरकाकांचा फोन आला. सळ्या कापायचं, वाकवायचं, बांधायचं काम ते तीस वर्षं करत होते.

“बाय, वरची सळी माका आखूड दिसता. चौदा फूट. भायर आठ फूट काढूची म्हटल्यार आत कितीशी रवतली?”

“थांबा हां काका, बघतंय.”

मी फोन कानाला धरूनच फाइल उघडली. पुन्हा दोन टिचक्या. सव्वाचार.

“बरोबर आसा, काका.”

“बघलंस मा नीट?”

“दोनदा बघलंय.”

“बरा तर,” म्हणाले आणि फोन ठेवला. माझ्या आवाजात तेव्हा जराशी ऐट होती. ती मला अजून ऐकू येते.

स्लॅब ओतून झाला, तो मुरावा म्हणून त्यावर पाण्याची आळी केली, दिवस गेले. पंधराव्या दिवशी सकाळी मी शेडच्या रंगकामाचं माप काढायला तीच फाइल उघडली. स्लॅबची पुढची कड मोजायची होती, आणि चुकून मी त्या बदललेल्या पानावर होते. बाहेर काढलेल्या भागावर नकाशातच २५०० लिहिलेलं होतं, म्हणजे अडीच मीटर. माझ्या रेघेखाली आकडा आला १७६८.

माउस हलला असेल म्हणून पुन्हा मोजलं. १७६८. फाइल बंद केली, उघडली, पुन्हा मोजलं. मग बाकीची पानं बघितली. ती मोठ्या कागदाची होती. हे एकच पान कुणीतरी लहान कागदावर बसवून पाठवलं होतं. रेघा आक्रसल्या होत्या आणि मी जुनंच प्रमाण चालवलं होतं. सळी सहा मीटरची हवी होती. फिटरकाकांनी विचारलं तेव्हा मी त्याच खोट्या पट्टीने पुन्हा मोजलं होतं.

माझ्या हाताची बोटं गार पडली. आणि मी काय केलं, तर ती फाइल बंद करून दुसऱ्या कामाची फाइल उघडली. दहा-पंधरा मिनिटं मी एका बंगल्याच्या खिडक्या मोजत होते. आपण कुणाला सांगितलं नाही तर कदाचित काही होणारही नाही, असं खरंच मनात आलं. एवढे स्लॅब उभे असतात, सगळे कुठे हिशेबात बसतात?

मग भिंतीवरचं कामांचं वेळापत्रक दिसलं. शेडचं सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालच्या आधाराच्या लोखंडी प्लेटा आणि टेकू, त्याच दिवशी खोलायचं होतं. प्लेटा दुसऱ्या साइटला हव्या होत्या.

शेठ ओरोसला गेले होते, फोन उचलत नव्हते. सुपरवायझरचा फोन लागेना. बंदरावर रेंज तेव्हा देवाच्या मर्जीवर असायची. फिटरकाकांचाही लागला नाही. मी पर्स उचलली आणि स्टँड गाठलं. तळेऱ्याला उतरून विजयदुर्गाच्या गाडीची वाट बघत उभी राहिले तेव्हा माझं तोंड बघून एका बाईने मला बाकावर जागा करून दिली. “तब्बेत बरी नाय काय गो?” मी मानेनेच नाही म्हटलं. गाडीत सगळा वेळ एकच गणित करत होते. बाहेर अडीच, आत पावणेदोन. बाहेर अडीच, आत पावणेदोन.

बंदरावर उतरले तर शेडच्या एका बाजूचे टेकू काढून झाले होते. प्लेटा वाळूत रचून ठेवलेल्या. आणि त्या मोकळ्या झालेल्या सावलीत बायका टोपल्या घेऊन बसल्याही होत्या. सातआठ जणी. कडेची माझी आई. ती कुणाला तरी बांगडे मोजून देत होती.

“उठा! भायर येवा सगळी! खाली बसू नकात!”

माझा आवाज फाटला. बायका हसायला लागल्या. आई म्हणाली, “काय झाला गो तुका? आज कशी इलंस?”

“आये, आधी भायर ये. पाया पडतंय तुझ्या.”

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि टोपली तिथेच टाकून उठली. ती उठली म्हणून बाकीच्याही उठल्या, कुरकुरत.

सुपरवायझर कोल्हापूरकडचे होते. ते पुढे आले. “मॅडम, काय चाललंय? मला आज संध्याकाळपर्यंत प्लेटा पाठवायच्यात.”

“सर, थांबवा. माझं माप चुकलंय. वरची सळी आखूड आहे.”

“शेठ सांगतील तेव्हा थांबवीन. पंधरा दिवस झालेत, स्लॅब उभा आहे की.”

फिटरकाका बाजूला बिडी ओढत होते. त्यांनी बिडी विझवली, वाळूतला एक टेकू उचलला आणि स्लॅबच्या कडेखाली नेऊन ठोकायला लागले. मग दुसरा. त्या दोन टेकूंच्या वेळी ते स्लॅबच्या खाली होते, आणि मी कडेकडे बघत होते. त्यांचं बघून आणखी दोन माणसं आली. सुपरवायझर बाजूला झाले.

निरोप पोचल्यावर दुपारी उशिरा शेठ आले, सोबत डिझाइन करणारे इंजिनिअर. वरून काँक्रीट फोडून सळीचं आतलं टोक शोधलं. ते जिथे असायला हवं होतं त्याच्या पावणेसहा फूट आधीच सापडलं. इंजिनिअर उकिडवे बसून त्या भोकात बघत होते. मी विचारलं, “सर, पडला असता का?”

“आज पडला असता असं नाही सांगता येणार,” ते म्हणाले. “पडला नसता असंही नाही.”

शेठ माझ्यावर ओरडतील म्हणून मी उभी होते. त्यांनी एवढंच विचारलं, “फिटरान तुका फोन केल्लो मा?”

“हो.”

“मगे?”

फिटरकाका जवळच होते, तेच म्हणाले, “माका पण परत इचारूक होया होता. कॉम्प्युटराचा म्हटल्यार मी गप रवलंय.” त्यांनी माझ्या चुकीचा वाटा स्वतःकडे ओढला, आणि मला तेव्हाच रडू आलं.

पुढच्या कडेला तीन खांब घालायचं ठरलं. ते उभे राहीपर्यंत टेकू हलले नाहीत. टेम्पो आत येईना म्हणून टेम्पोवाले आम्हाला शिव्या घालत राहिले. बायकांना कारण कुणी सांगितलं नाही. आईला मी त्या रविवारी चुलीपुढे सगळं सांगितलं. ती माशांची खवलं काढत होती. मग म्हणाली, “तू इलंस ती बरी इलंस.” पण खांब झाल्यावरही महिनाभर ती शेडच्या बाहेर, उन्हातच बसत होती. बाकीच्या बोलवायच्या, ती हाताने नको म्हणायची. मी दर रविवारी जाऊन बघायचे. एका रविवारी ती आत बसलेली दिसली, अगदी मागच्या भिंतीला टेकून.

नोकरी गेली नाही. आज मी दुसऱ्या गावात तेच काम करते आणि माझ्या हाताखाली दोघीजणी आहेत. दर पानावर लिहिलेलं एक माप मोजून ताळा केल्याशिवाय मी त्यांना पुढे जाऊ देत नाही. त्यांना वाटतं बाई जरा वेड्या आहेत. साइटवरून कुणी फोन करून “हे जरा कमी वाटतंय” म्हणालं की अजूनही माझी बोटं गार पडतात, आणि मी म्हणते, “ठेवा फोन. मी कागदावर मोजते आणि मग सांगते.”