सारीबिकेचा पांढरा नमदा

चू नदीच्या काठी आमचा तांडा थांबला, तेव्हा सारीबिकेने घर उभारायलाच नकार दिला. उंटावरून उतरवलेल्या गाठोड्यावर बसून म्हणाली, "उद्या परत उठवाल. आजचे कष्ट कशाला?"

तिचं चुकत नव्हतं. तिच्या आयुष्यात किती कुरणं आली आणि गेली, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. नवरा आणि दोन थोरले मुलगे जुन्या खानाच्या लढायांत गेले. पुढे दोन सुलतानांचं त्या खानाशी बिनसलं, ते गवत शोधत पूर्वेला निघाले आणि आम्ही त्यांच्यामागे. मागे राहिलेले आम्हाला कझाक म्हणू लागले. म्हणजे मोकाट, कुणाच्याच दावणीला नसलेले. तरुण पोरं ते नाव छाती काढून सांगत. सारीबिके म्हणायची, "मोकाट म्हणे! ओझी बांधताना माझ्या हाताची सालं निघाली, ती कुणाला दिसली?"

शेवटी तिने घर उभारलं, ते धाकट्या बोरानसाठी. आमची घरं नमद्याची, म्हणजे लाटून घट्ट केलेल्या लोकरीच्या जाड कापडाची; त्याच्या लग्नाचं घर पांढरंच हवं होतं. त्यानंतर तीन शरद ऋतू तिने कोकरांची पांढरी लोकर साठवली, झोडपली, बोरूच्या चटईवर पसरली, वर उकळतं पाणी ओतलं आणि गुंडाळी करून कोपरांनी दाबत लाटली. माझी बायको मदतीला असायची, म्हणून मला ठाऊक आहे. एक काळा केस दिसला तर सारीबिके काम थांबवून तो चिमटीत धरून काढी. असा नमदा आमच्याकडे पुन्हा झाला नाही.

तो तयार झाला आणि आठवड्यात शाल्कार आला. हा आमच्या तांड्याचा म्होरक्या, तिचा चुलत दीर.

"वहिनी, परवा आपल्या सुलतानाला खान करायचाय, नमद्यावर बसवून उचलायचाय."

"उचला की. माझ्या कंबरेला कशाला विचारता?"

"पांढरा नमदा नाही कुठे. पळत आलो आपण, सगळ्यांचे धुरकटलेले. काळ्या नमद्यावर खान बसवला तर लोक त्याला खान म्हणतील का?"

"आणि उचलून झालं की त्याचे तुकडे कराल."

"रीतच आहे. जो तो एक तुकडा घरी नेणार." शाल्कारने आवाज उतरवला. "फुकट नको. एक कोपरा बोरान धरेल. असा मान कुणाला मिळतो?"

बाहेर खोगीर शिवणारा बोरान उठून दारात आला. कोपरा धरणारा खानाचा खास माणूस होतो. लढाईत पहिल्या रांगेत त्याचाच घोडा.

सारीबिकेने मुलाकडे पाहिलंच नाही. "भावजी, याच्या बापाने जुन्या खानाचा कोपरा धरला होता. तो गेल्याचं सांगायला कोण आलं होतं?"

शाल्कारचा हात टोपीकडे गेला.

"तुम्हीच. दोन्ही पोरांचंही तुम्हीच सांगितलंत. याच दारात, टोपी काढून. आता मला ऐकायचं नाही. नमदा न्या. पण पोरगा माझा. खानाच्या माणसांत त्याचं नाव घालायचं नाही. शब्द द्या."

"पोराचं मन मोडतेयस, वहिनी."

"मोडू दे. मनाबिनाचं मी बघून घेईन."

शाल्कारने दाढीवर हात ठेवून शब्द दिला.

"आई, पोरी हसतील मला!" बोरान ओरडला.

"हसू देत. त्यातलीच एक बायको कर."

खान उचलला गेला. चार कोपरे चार माणसांनी धरले, त्यांत बोरान नव्हता. जयजयकार संपायच्या आत सुऱ्या निघाल्या आणि तीन वर्षांची मेहनत तळहाताएवढी होऊन घरोघरी गेली. माझी बायकोही तुकडा घेऊन आली, तो सारीबिकेला देऊ लागली. तिने हात पुढे केला नाही. "ठेव तुझ्याकडे. मला तो पाठ आहे," म्हणाली.

चार दिवस बोरान तिच्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी ती नवी लोकर पसरून बसली. काठी उचलायची, दोन फटके मारायची, थांबायची. बोरान आला आणि त्याने काठी ओढून घेतली.

"हे बायकांचं काम आहे," तो म्हणाला.

"हो."

"किती दिवस चालणार?"

"तीन शरद."

त्याने दात खाऊन असा फटका मारला की लोकर घोड्यांपर्यंत उडाली.

"हळू. फाटते," ती म्हणाली आणि गवतावरच आडवी झाली. तो झोडपत राहिला, पुटपुटत, शिव्या देत. भरदुपारी, त्या आवाजात, सारीबिके झोपली.