बधिर वाटतंय का?

उजवा अंगठा आधी रुमालाला नीट पुसायचा, मग माझ्यापुढे उभा धरायचा आणि म्हणायचं, "सेक्रेटरीबाई, पहिली हाजिरी घ्या, मग चहाचं बघू." नांदेडला आमच्या दंतवैद्य संघटनेचं कुठलंही सीडीई असो, म्हणजे डॉक्टर झाल्यावरही न सुटलेली ती शाळा, उदगीरच्या सरांचा अंगठा यंत्रावर सगळ्यांच्या आधी उमटायचा.

तुम्ही असल्या कार्यक्रमांना गेला असाल तर तुम्हाला ठाऊकच आहे. अंगठा लावायचा, जेवायला काय आहे ते बघायचं, शेवटच्या रांगेत डुलकी काढायची आणि रजिस्ट्रेशनला लागणारे गुण पदरात पाडून घरी. सर मात्र पहिल्या रांगेत, मांडीवर शंभर पानी वही. वक्ता नातवाच्या वयाचा असला तरी हात वर, "सर, एक शंका हाय." एकदा इम्प्लांटवरच्या भाषणानंतर त्यांनी विचारलं, "हे समदं ठीक हाय सर, पण पेशंट तोंडातली तंबाखूच काढायला तयार न्हाई, तर सुरुवात कुठून करायची?" बिचाऱ्या वक्त्यानं दोनदा पाणी प्यायलं.

त्या वर्षी डिसेंबरात सरांच्या रजिस्ट्रेशनची मुदत संपत होती. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे दोन कार्यक्रम हुकलेले, थोडे गुण कमी पडत होते. आमचा तो वर्षातला शेवटचा कार्यक्रम. हा हुकला की डेंटल कौन्सिलच्या यादीतून नाव कमी. दुसऱ्या कुणी दवाखाना तसाच दामटला असता. सर फोनवर म्हणाले, "नाव कमी झालं की त्याच दिवशी शटर खाली. चाळीस साल इमानदारीत काढलेत, आता काय चोरून दात काढू?" मला हसू फुटलं. ते हसत नव्हते.

आणि नेमके त्याच दिवशी उशिरा! साडेनऊला यंत्र बंद झालं, सर आले साडेदहाला. कोटावर भुसा, केसांत भुसा. "लोह्याच्या अलीकडं गाडी पंक्चर झाली. सोयाबीनच्या टेम्पोत बसून आलो." अंगठा उभा होताच. मी शेजारच्या निरीक्षकाकडे बघितलं. कौन्सिलचा माणूस तो, त्यानं नकारार्थी मान हलवली.

"सर, नाही घेता येणार," माझ्या तोंडून कसंबसं निघालं.

"बरोबर हाय तुमचं. पण शिकायला तर बंदी न्हाई ना?" असं म्हणून ते पहिल्या रांगेत जाऊन बसले आणि वही उघडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

स्टेजवर खुर्ची, खुर्चीत नायगावकडचे एक मामा, तोंड पडद्यावर घराएवढं मोठं. पुण्याचे पाहुणे डॉक्टर खालची दाढ काढून दाखवणार होते. त्यांनी सफाईनं इंजेक्शन दिलं, थोडं थांबले आणि गोड आवाजात विचारलं, "काका, बधिर वाटतंय का?"

"न्हाई."

दुसरं इंजेक्शन. "आता? बधिर?"

"न्हाई ओ, बिल्कुल न्हाई!"

पाहुण्यांच्या कपाळाला घाम. ते माईकवर म्हणाले, "लक्षात घ्या, या पेशंटची नस नेहमीच्या जागी दिसत नाही." आम्ही दीडशे शहाण्यांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं! तिसरी सुई भरली जात होती, तेवढ्यात सर उठले.

"सर, ती सुई ठेवा खाली. मामा, तुमचा व्हट कसा हाय?"

"व्हट?" मामा ओठ चाचपत जड जिभेनं बोलले. "व्हट हाय कुठं? मगाशीच गेला की!"

"मग न्हाई न्हाई काय करायलात?"

"आता बघा! सायेब बधिर हाय का इचारायलेत. आमच्याकडं मूकबधिर शाळा हाय, मला म्हाईत हाय की. लख्ख ऐकू येतंय मला!"

अहो, काय सांगू! हॉल नुसता कोसळला. शेवटच्या रांगेतले झोपलेले उठून विचारायला लागले, काय झालं, काय झालं. सगळ्यात जास्त हसले पाहुणे. दाढ काढली, कापूस ठेवला, आणि त्यांनी माईक थेट सरांच्या हातात दिला. "माझा उरलेला तास तुमचा. पेशंटशी बोलायचं कसं, ते मलाही शिकवा."

सर गडबडले. जन्मात कधी स्टेजवर बोलले नव्हते. पण एकदा सुटले ते सुटलेच. "आपले शब्द पेशंटच्या तोंडात कोंबू नका, तिथं आधीच लई गर्दी असती. व्हट आपला वाटतोय का शेजाऱ्याचा, एवढंच इचारा. शेजाऱ्याचा म्हणला की कामाला लागा." मग दात ठणकला म्हणजे काय, आंबला म्हणजे काय, कळ मारली म्हणजे काय. पाहुणे मान खाली घालून लिहून घेत होते. आम्ही मघाचं नसेचं वाक्य गुपचूप खोडलं.

तेवढ्यात निरीक्षक माझ्या कानाशी आला. डोळे पुसत होता, हसून हसून. "मॅडम, वक्त्याला गुणांसाठी सकाळचा अंगठा लागत नाही. पाहुण्यांनी तास दिलाय, अध्यक्षांना नोंद करायला सांगा, मी सही करतो." मी धावले, अक्षरशः चप्पल हातात घेऊन धावले. सरांना कागद दिला तर आधी चष्मा लावून सगळा वाचला. "नियमात बसतंय ना सेक्रेटरीबाई? न्हाई तर नको." बसतंय म्हटल्यावर तिथंच खुर्चीत बसले आणि केसांतला भुसा झटकायला लागले.

रजिस्ट्रेशन पुढच्या पाच वर्षांसाठी वाढलं. त्यानंतर तीन वर्षं उदगीरचा दवाखाना उघडा राहिला. आदल्या संध्याकाळीसुद्धा त्यांनी एका म्हातारीची कवळी घासून दिली. सकाळी गेले. मी भेटायला गेले तर सगळी गल्ली त्यांचेच किस्से सांगत होती, मधेच कुणी रडत होतं, मधेच कुणी हसत होतं.

सभासद वारला की कौन्सिलला कळवून त्याचं नाव कमी करायचं, हे सेक्रेटरीचं काम. अर्ज भरून माझ्या टेबलावर पडलाय, सही तेवढी राहिली आहे. ऑफिसातून दोनदा फोन आला. मी सांगितलं, पेन सापडेना. टेबलावर चार पेनं आहेत. रजिस्ट्रेशनला अजून दोन वर्षं बाकी आहेत हो त्यांच्या. राहू द्या की! कमावलेली आहेत ती त्यांनी.