दोन टोचे

परत आलेल्या मालाला वास असतो, हे तिला नोकरीच्या पहिल्याच दिवशी कळलं. नव्या खोक्याला पुठ्ठ्याचा वास येतो, बस. परत आलेल्या खोक्याचं तोंड उघडलं की आधी कुणाचं तरी घर बाहेर येतं: तळणाचा धूर, ओल्या टॉवेलचा कुबटपणा, सिगारेटी, मांजराचं मूत. वस्तू त्यामागून येते.

कॉम्प्युटरचे सुटे भाग इंटरनेटवरून विकणारी एक कंपनी होती. तिच्या गोदामाच्या मागच्या अंगाला परतीचं खातं होतं आणि त्या खात्यात सहा वर्षं ती एकाच टेबलाशी बसत होती. टेबलावर दिवा, भिंग, चिमटा आणि सुई. खात्यात सगळे तिला सुईताई म्हणत. पंख्यांच्या पात्यांत अडकलेले झुरळांचे पाय तिने पाहिले होते, की-बोर्डच्या फटीतली कापलेली नखं पाहिली होती. एका महाभागाने महागड्या कार्डाच्या खोक्यात वजन भरावं म्हणून न्हाणीघरातली फरशी घालून पाठवली होती, तीही न धुता. घरी गेल्यावर ती कोपरापर्यंत हात धुवायची आणि तरीही जेवताना घास नाकाजवळ आला की थांबायची.

तिच्या टेबलावर येत ते मुख्यतः मदरबोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरची पाटी, जिच्यावर बाकी सगळं बसवायचं असतं. त्या पाटीच्या मध्यावर काडेपेटीहून लहान असा एक चौकोन असतो आणि त्यात हजारावर पिना, पापणीच्या केसाएवढ्या. त्यांच्यावर प्रोसेसर अलगद टेकवायचा. स्वतःचा कॉम्प्युटर स्वतः जोडायला निघालेला माणूस व्हिडिओ बघतो, स्क्रू-ड्रायव्हर आणतो, बायकोला चहा टाकायला सांगतो आणि नेमका ह्याच ठिकाणी त्याचा हात घसरतो. चार पिना आडव्या होतात. मग तो खोकं बंद करतो आणि परतीच्या चिठ्ठीवर लिहितो, ‘असाच आला.’ सहा वर्षांत तिने हजारो चिठ्ठ्या वाचल्या. ‘मी वाकवली’ असं लिहिलेली एकही नव्हती.

कंपनी भांडत बसत नसे. पंधरा दिवसांच्या आत परत आलं की पैसे परत. लोक खूश होऊन पाच-पाच तारे देत. आणि पाटी सुईताईच्या टेबलावर येई. ती भिंगाखाली एकेक पिन सुईने उचलून उभी करी. मग पाटी पुसली जाई, नव्या पिशवीत जाई, खोक्याला नवं सील लागे आणि पुढच्या फडताळात तिचं नाव पुन्हा ‘नवीन’ होई. पण पिन म्हणजे शेवटी तार. एकदा वाकलेली सरळ होते. दुसऱ्यांदा सरळ केलेली नुसती सरळ दिसते. सहा महिन्यांनी ती दगा देई, तेव्हा पंधरा दिवस कधीच उलटलेले असत आणि कंपनीचं उत्तर ठरलेलं असे: पिन ग्राहकाने वाकवली आहे. सोबत फोटो. तो फोटोही तिच्याच भिंगातून काढलेला असे.

हे हात बापाचे. बाप घड्याळं दुरुस्त करायचा. जिन्याखालच्या खोपटात, डोळ्याला भिंग लावून. दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या मागच्या झाकणाला आतून तो सुईने आपली खूण आणि तारीख कोरायचा. उद्या दुसऱ्या कारागिराने झाकण उघडलं तर त्याला कळावं, हे कुणी उघडलं होतं आणि कधी. पोरीला तो म्हणायचा, “काम लपवायचं नसतं गं. लपवतो तो चोर.” घड्याळं गेली, खोपट गेलं, बापही गेला. पोरीकडे हात राहिले. आणि खूणही राहिली, पण जरा वेगळी. पिनांवर काळ्या प्लॅस्टिकची टोपी असते. ती टोपी सोबत नसेल तर माल परत घेतच नाहीत, म्हणून ती पाटीबरोबर जाते आणि पाटीबरोबर येते. त्या टोपीच्या आतल्या कोपऱ्यात ती सुईने एक टोचा मारायची. पाटी पुन्हा आली तर दुसरा. हे तिच्याशिवाय जगात कुणालाही माहीत नव्हतं.

घरात तिची थोरली नणंद होती, घरचे तिला ताई म्हणत. लग्न न केलेली, पन्नाशीची, घरांचे नकाशे काढणारी. तिच्या ऑफिसने नकाशांचा हॉल बंद केला आणि फर्मान काढलं, ज्याच्या घरी ताकदीचं मशीन आहे त्याने एक तारखेपासून घरून काम करावं, बाकीच्यांनी आपापलं बघावं. ताईंचं जुनं मशीन एक जिना काढायला घेतला तरी धापा टाकायचं. एक तारखेला अठरा दिवस होते.

“तयार घे ना,” त्यांचा भाऊ, म्हणजे सुईताईचा नवरा, म्हणाला. “दुकानात जायचं, उचलून आणायचं.”

“तयार म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास,” ताई म्हणाल्या. “त्यात काय कोंबलंय ते मला दिसत नाही. मी स्वतः जोडणार.”

ताईंना उष्टं चालत नसे. त्यांचा कप वेगळा, टॉवेल वेगळा. वाचनालयातलं पुस्तकही त्या घरी आणून आधी कोरड्या फडक्याने पुसत. आलेख कागदावर त्यांनी आठ भागांची यादी केली आणि शेजारी दुकानांचे रकाने आखले. वहिनीची कंपनी पहिल्या रकान्यात. शेवटच्या रकान्यात एक दुकान होतं, त्याला जेमतेम दोन तारे. त्याचा मालक गिऱ्हाइकांना जाहीर उत्तरं द्यायचा. ताईंनी जेवताना ती वाचून दाखवली.

“‘पिन तुम्ही वाकवलीत, मी नाही. माल परत घेणार नाही. फोन करू नका.’ दुसऱ्याला लिहितोय, ‘वाचता येत नसेल तर कॉम्प्युटर कशाला जोडता?’”

भाऊ हसून हसून ठसकला. “खडूसच दिसतोय. ह्याला दोन तारे दिले कुणी? त्याच्या आईने?”

“आणि हे बघ तुमचं, वहिनी. ‘पॅकिंग अप्रतिम. सील इतकं घट्ट की उघडताना आनंद झाला.’” ताईंनी कौतुकाने वर पाहिलं. “घरचंच दुकान म्हण ना.”

सुईताईच्या तोंडातला घास फिरू लागला. ते सील तिच्या शेजारची बाई दिवसाला दोनशे लावायची, आणि मध्येच शिंकायची.

“दुसरीकडून घ्या ताई,” ती म्हणाली.

“का?”

“असंच. आमच्याकडे उशीर होतो.”

“इथे लिहिलंय दोन दिवसांत.”

“लिहायला काय जातंय.”

ताईंनी पेन्सिल खाली ठेवली. “माझं मशीन तुझ्या कंपनीतून आलं तर तुला कमीपणा वाटतो का? का मी तुझी ओळख सांगेन अशी भीती?”

“तसं नाही हो.”

“मग कसं?”

कसं, हे सांगायचं तर सहा वर्षं आपण काय करतो ते सांगावं लागलं असतं. घरात सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं की ती ‘तपासणी’ करते. तिने पाण्याचा घोट घेतला. नवरा म्हणाला, “घरची माणसं तिथे असताना बाहेर कशाला?” आणि विषय मिटला. ताईंनी आठही भाग तिच्याच कंपनीतून मागवले.

खोकी रविवारी सकाळी आली. ताईंनी जेवणाचं टेबल साबणाने धुतलं, त्यावर पांढरी चादर अंथरली, केस फडक्यात बांधले. शस्त्रक्रियेची तयारी असावी तसा सगळा थाट. सील सुरीने कापताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटला तो सुईताईला बघवेना. पिशवीतून पाटी निघाली. स्वच्छ. फारच स्वच्छ. कडेला, फडकं जिथे पोहोचत नाही अशा खाचेत, पिवळट डाग होता. सिगारेटचा डाग तिने डोळे मिटूनही ओळखला असता.

“किती सुंदर आहे गं,” ताई म्हणाल्या. “अगदी गावाचा नकाशा.”

सुईताईचा हात आपोआप पुढे गेला. तिने टोपी उचलली आणि सवयीने उलटी केली.

दोन टोचे.

एक जरा खोल, एक उथळ. उथळ तिने हिवाळ्यात मारला असावा, बोटं गारठलेली असायची तेव्हा. ही पाटी दोन घरांत जाऊन आली होती, दोन माणसांनी दोनदा ‘असाच आला’ असं लिहिलं होतं आणि दोन्ही वेळा तिने तिला उभं करून परत बाजारात धाडलं होतं. तिसरं घर तिचं स्वतःचं निघालं.

ताईंनी प्रोसेसर दोन बोटांच्या चिमटीत धरला होता. श्वास रोखून त्या तो खाली आणत होत्या. काही न बोलता राहणं सोपं होतं. मशीन चालू झालं असतं, एक तारखेला काम सुरू झालं असतं. आणि मग कधीतरी, ऐन नकाशा द्यायच्या दिवशी, पडदा काळा. मग कंपनीचं पत्र: पिन ग्राहकाने वाकवली आहे. आणि ताईंनी ते पत्र घेऊन तिच्याकडेच यायचं.

तिने ताईंचं मनगट धरलं. “थांबा. ती नवी नाही.”

“काय नवी नाही?”

“पाटी. दोनदा परत आलेली आहे. पिना मी सरळ केल्यात.”

ताईंनी प्रोसेसर हळूच त्याच्या डबीत ठेवला. “तू?”

“तेच काम आहे माझं.”

“आणि तुला कसं कळलं ही तीच?”

तिने टोपी पुढे केली. ताईंनी ती हातात घेतली नाही, नुसतं वाकून पाहिलं. “हे अजून कुणाला कळतं?”

“नाही. मलाच.”

“मग ह्याला खूण नको म्हणूस. चोरखूण म्हण.”

खोपटातला बाप डोळ्याचं भिंग न काढता आपल्याकडे बघतो आहे असं सुईताईला वाटलं.

“बाकीचे सात भाग?” ताईंनी विचारलं.

“ते माझ्या टेबलावर येत नाहीत. पुसायला दुसरी आहे.”

ताई उठल्या, मोरीत गेल्या आणि हात धुवू लागल्या. नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आल्या तेव्हा बोटं लाल झाली होती.

“मला आधी सांगायला काय झालं होतं?”

“सांगितलं होतं, दुसरीकडून घ्या म्हणून.”

“ते सांगणं नव्हे. ती मखलाशी.” त्यांनी आलेख कागद ओढला आणि रकाने पुन्हा वरून खाली वाचू लागल्या. शेवटच्या रकान्यावर पेन्सिल थांबली. “हा खडूस. हा काहीच परत घेत नाही ना?”

“नाही.”

“म्हणजे ह्याच्याकडे परत आलेलं काही नसतंच. दुसऱ्याचा हात लागलेलं.”

सुईताईने मान हलवली. सहा वर्षं त्या धंद्यात बसून हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

“लोकांची अक्कल बघ,” ताई म्हणाल्या. “जो उष्टं विकतो त्याला पाच तारे, आणि जो विकत नाही तो उद्धट.”

पण खडूसकडे मागवायचं तर आधी इथले पैसे परत यायला हवे होते. ताईंनी परतीची चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली. “कारण तू लिही.”

तिने पेन घेतलं. बराच वेळ ते कागदाला टेकलंच नाही. शेवटी तिने लिहिलं, ‘विचार बदलला.’

ताईंनी वाचलं. “कुणाचा?” एवढंच म्हणून त्यांनी चिठ्ठी खोक्यात टाकली. संध्याकाळी ताईंनी टेबलावरची चादर उकळत्या पाण्यात भिजत घातली.

बुधवारी ते खोकं तिच्या टेबलावर आलं. तिने ते उघडलं. ह्या खेपेला आतून साबणाचा वास आला, तिच्या घरचा. पहिल्यांदाच तिला कळलं की आपल्याही घराला वास आहे आणि तो गोदामातल्या कुणाही परक्याला येऊ शकतो. तिने पिनांचा फोटो काढला, पावतीवर ‘निर्दोष’ असा शिक्का मारला आणि पावती पुढे पाठवली. पाटी मात्र तिने दिव्याखालीच ठेवली. दुपारी जेवायच्या सुट्टीत ताईंचा निरोप आला: ‘पैसे आले. खडूसकडे मागवलं. म्हणतो शनिवारी मिळेल, फोन करू नका.’

सुट्टीनंतर खातेप्रमुख आला. गोड बोलणारा माणूस, तोंडात सदा पेपरमिंट. “सुईताई, ही अजून इथेच? काही वाकलंय का?”

“नाही.”

“मग द्या पुढे. आजच्या आज नव्यात घालू.”

“देते,” ती म्हणाली. तो पुढच्या टेबलाकडे वळला.

तिने टोपी काढून उलटी केली. तिसऱ्या टोच्याला जागा होती. तिने सुई तिथे नेली आणि थांबली. मग टोपी बाजूला ठेवली, भिंग खाली ओढलं आणि पहिल्या रांगेतली एक पिन सुईच्या टोकाने आडवी केली, उभी केली, पुन्हा आडवी. तार तिसऱ्यांदा वाकत नाही. ती तुटली. तुटताना आवाजही झाला नाही. तिने दुसरी घेतली. मग तिसरी. सहा वर्षांत एवढं नीट काम तिने केलं नव्हतं. पांढऱ्या कागदावर तिन्ही तुकडे पापणीच्या केसांसारखे पडले, आणि तिने श्वास सोडला तसे उडून गेले.

मग तिने खात्याचं कार्ड ओढलं. दोषाच्या रकान्यात लिहिलं, ‘तीन पिना मोडल्या. मी मोडल्या.’ खाली तारीख घातली आणि पूर्ण नाव, जे खात्यात कुणी वापरत नसे.

खातेप्रमुख परत येताना वाकून वाचू लागला. त्याचं चघळणं थांबलं.

“सुईताई, हे काय? असं कुणी लिहितं का?”

“नाही,” ती म्हणाली. “कुणीच लिहीत नाही.”

तो कार्ड हातात घेऊन उभाच राहिला, फाडावं की वर न्यावं ते त्याला ठरवता येईना. तिने पुढचं खोकं जवळ ओढलं आणि टेप कापली. आतून तळणाचा धूर आला आणि त्यामागे काहीतरी आंबलेलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘असाच आला.’ तिने नाक दाबलं नाही. टोपी उचलली, उलटी केली आणि टोचे मोजले.