नानांची खरी वाक्यं

नानांना पुस्तकातल्या उदाहरणांचा भयंकर राग. 'राम आंबा खातो' असं कोणी म्हटलं की विचारायचे, "कुठला राम? दुसऱ्या माळ्यावरचा? त्याला शुगर आहे!" माझगावच्या गोदीत कारकुनी करून निवृत्त झालेले नाना काळाचौकीच्या आमच्या चाळीत, मंडळाच्या खोलीत, आम्हा दहा-बारा जणांना फुकट इंग्रजी शिकवत. रोज एकच क्रियापद, आणि वाक्य चाळीतलं, खरं.

'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे. फळ्यावर वाक्य आलं : तावडे हॅज गिव्हन अप तंबाखू. संध्याकाळी तावडेवहिनींना नवऱ्याच्या खिशात पुडी सापडली, तेव्हा नानांनी स्वतः जाऊन ते पुसलं. "खोटं वाक्य माझ्या फळ्यावर नको." 'टर्न अप' म्हणजे उगवणे, त्याला चार दिवस न फिरकलेला प्लंबर पुरला. चाळीत कोणाचं काय चाललंय ते बायका आमच्या फळ्यावरच वाचत.

मला विमानतळावर नोकरी हवी होती. मुलाखत तीन आठवड्यांवर आली तसा माझा धीर सुटला. "नाना, तोवर एकही सुट्टी घेऊ नका हां," मी लाडात म्हटलं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर नजर टाकली. मग म्हणाले, "नाय घेत गो बाय."

दुसऱ्या दिवशीचं क्रियापद 'पुट ऑफ'. "म्हणजे पुढे ढकलणे. आपला राष्ट्रीय धंदा!" नाना म्हणाले आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं : आय हॅव पुट ऑफ माय ऑपरेशन. आम्ही ते तीनदा खड्या आवाजात म्हटलं.

"समजलं ना?"

"समजलं, नाना!"

नोकरी मिळाली. पेढे घेऊन नानांकडे गेले तर दारात चपलांचा ढीग. सकाळी दाढी करताना नानांच्या छातीत कळ आली, इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पेढ्यांचा पुडा कुठे लपवावा तेच मला कळेना. त्यांच्या बायकोने, माईंनी, मला जवळ घेतलं. "ऑपरेशनची तारीख मिळाली होती गो. म्हणाले, पोरीचा इंटरव्ह्यू होऊन जाऊ दे."

मी सुन्न झाले. अजूनही आहे. तावड्यांच्या तंबाखूवर विश्वास ठेवणारी अख्खी चाळ, आणि नानांचं स्वतःचं वाक्य तेवढं आम्हाला नुसतं उदाहरण वाटलं! घरी येऊन वही उघडली. ते वाक्य माझ्या वळणदार अक्षरात पाच वेळा लिहिलेलं होतं, आणि खाली नानांच्या लाल पेनाने : व्हेरी गुड.