बाऊजींची भाजी

"रोटी कम, सब्जी ज्यादा, बेटी," असं म्हणत बाऊजी दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीवरून हात लांब करायचे आणि मातीसकट मुळ्यांची जुडी माझ्या हातात द्यायचे. तुपात न्हालेल्या पराठ्यांच्या मुलखात असा सल्ला देणारा सरदारजी तुम्ही पाहिलाय का? मी हा एकच पाहिला.

आमच्या यांची बदली चंदीगडला झाली, तेव्हा बाऊजी आमच्या शेजारच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे. बायको मधुमेहाने गेलेली, घरात ते आणि मुलगा दोघंच. तिने जन्मात कधी भाजीला नीट तोंड लावलं नाही, असं ते सांगत. तेव्हापासून आमच्या अख्ख्या ओळीतल्या ताटांची काळजी त्यांनी डोक्यावर घेतली होती. कुणाला ताप येवो की कुणाच्या पोरीची परीक्षा असो, परसातून पालक निघालाच.

एका पावसाळ्यात ते अरबीचे, म्हणजे आपल्या अळूचे, कंद काढून पानं कचऱ्यात टाकत होते. मला राहवेना. "बाऊजी, वो पत्ते मुझे दे दो जी."

"क्यों, गाय पाल ली?"

मी त्या अळूचं फतफतं केलं. पानं खाजरी असली तर पंचाईत, म्हणून चिंच जरा सढळ हाताने घातली. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही ही आपली रीत, तेव्हा त्यांच्याच वाडग्यातून ते भिंतीपलीकडे गेलं. बापलेकांनी वाडगा चाटूनपुसून साफ केला. तेव्हापासून कंद त्यांचे आणि पानं माझी, हे पक्कं ठरलं.

पुढे मुलगा कॉलेजसाठी बाहेरगावी गेला. सुट्टीत आला की वाफ्यातलं गाजर उपटून, पँटला पुसून तसंच खायचा.

मग पंजाबात दहशतवादाचे फार वाईट दिवस आले, तरुण शीख पोरांवर पोलिसांचा संशय असे. संध्याकाळ झाली की लोक दारं लावून घेत. त्या हिवाळ्यात साध्या कपड्यांतल्या माणसांनी मुलाला हॉस्टेलवरून उचलून नेलं. पोलिसांत विचारलं, तर आमच्याकडे नाही म्हणाले. बाऊजी या ठाण्यातून त्या ठाण्यात हेलपाटे घालू लागले.

त्यांचं जेवण सुटलं. मी नेलेला वाडगा दुसऱ्या दिवशी तसाच झाकलेला सापडे. आम्हाला दटावून खाऊ घालणारा माणूस चहावर दिवस काढत होता. मला त्यांचा राग यायचा आणि रडूही यायचं.

एका सकाळी ते परसात दिसले. नळाखाली गाजरं धूत होते, एकेक चोळून. गार पाण्याने बोटं लाल झालेली. मला वाटलं, चला, माणूस सावरला. "आज क्या बनेगा, बाऊजी?"

"बनाना नहीं है. थाने ले जाऊँगा." पिशवी भरता भरता ते थांबले. "अंदर रोटी तो देते होंगे, बेटी. सब्जी कौन पूछता है."

मी भिंतीवरून वाकून पिशवीचं तोंड धरलं.

पिशवी भरलेलीच परत यायची. दुसऱ्या दिवशी ते ताजी उपटायचे.

मुलाचा पत्ता कधीच लागला नाही. पुढे एका दुपारी कुठल्याशा ठाण्याबाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या बाऊजी गेले. निरोप घेऊन आलेल्या शिपायाने त्यांची पिशवी माझ्याकडे दिली. ऐन उन्हाळा होता, गाजरं केव्हाच संपली होती. आत काकड्या होत्या.